माळशेज बघून येतो

आमच्या बाजूला मुलीकडची माणसं घर बघायला आली की तोंडावर नाही म्हणत नाहीत. घर पसंत पडलं तर जेवायला बसतात, नाही पडलं तर चहावर उठतात. उठायला कारण लागतं. कुणाला म्हशीची धार काढायची असते, कुणाला वाटेत एका आजाऱ्याला भेटायचं असतं. आमच्या घरातून उठायला मात्र सगळ्यांना एकच कारण सापडतं आणि ते आयतंच आमच्या तालुक्यात उभं आहे. "इतकं लांब आलोच आहोत, तर माळशेज बघून येतो. येताना जेवायला थांबतो."

धसईच्या अलीकडे आमचं गाव. टोकावड्याच्या फाट्यावर जाऊन हायवे धरला की तासाभरात माळशेज घाट. पावसाळ्यात मुंबईची निम्मी माणसं तिथं भिजायला येतात, म्हणून तो प्रसिद्ध. मला विचाराल तर तो घाट माझ्या मुळावर आला आहे.

माझा मुलगा सुयोग एकोणतीस वर्षांचा. पावसाळ्यात भात, नंतर ठिबकवर भेंडी, स्वतःची पिकअप आहे, माल कल्याणच्या बाजारात नेतो. सुपारीचंही व्यसन नाही. तरी तीन वेळा माणसं आली आणि तीन वेळा माळशेज बघायला गेली. पहिली खर्डीकडची. दुसरी भिवंडीची. तिसरी तर खुद्द मुरबाडची. मुरबाडच्या माणसानं माळशेज बघितला नसेल असं कधी होतं का? पण तोही गेला, आणि माझ्या हिशोबानं अजून बघतोच आहे.

हिराबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, राग वेगळा. दुसऱ्या वेळी तिनं पंधरा माणसांचा भात, गावठी कोंबडा आणि चाळीस भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. दोन दिवस आम्ही त्या भाकऱ्या खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी शेजारचं कुत्रंही तोंड फिरवून गेलं. तेव्हापासून पाहुणा पानावर बसल्याशिवाय ती चुलीवर तवा ठेवत नाही. कालवण तयार, पीठ मळलेलं, पण तवा खुंटीला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, ही तिची तऱ्हा.

तर यंदा जानेवारीतल्या एका रविवारी चौथी माणसं आली. टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावातली. मुलगी कुणाली, सव्वीस वर्षांची, कल्याणला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सोबत तिचे वडील किशोर आणि आई संगीता. स्वतःची ईको गाडी घेऊन बरोब्बर दहाला अंगणात. वेळेवर आलेला माणूस मला आवडतो. तेहतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, उशिरा येऊन हात दाखवणाऱ्यांशी माझं जन्माचं वैर आहे.

किशोरभाऊ साधा गडी, दारातल्या गाईला हात लावून लगेच गप्पांना बसला. पण संगीताबाई घर बघायला आली होती आणि तिनं ते बघितलंच. मोरी बघितली. पोटमाळ्यावर भाताची पोती बघितली. पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडून आत वाकली आणि तशीच वाकून म्हणाली, "मे महिन्यात पानी कुठनं येतं?"

"बोअर हाय ना," मी म्हणालो.

"बोअर एप्रिलात बसते," सुयोग म्हणाला. "मेमधी टँकर. चार दिवसांनी येतो, कदी सहा. पन विहिरीचं काम काढलंय, निम्मी खनून झाली."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तिकीट न काढलेला माणूस पुढच्या स्टॉपला उतरून गेला असता. हा मात्र तिथंच उभा. लग्नाच्या बाजारात इतकं खरं बोलतात का? संगीताबाईनं झाकण लावलं आणि बाहेर येऊन बसली.

चहा आला. मी पानांची वाट बघत होतो, म्हणजे जेवायच्या पानांची. पीठ मळून झालं होतं, आतून हिराबाई दाराच्या फटीतून बघत होती. आणि कुणालीनं कप खाली ठेवत विचारलं, "काका, माळशेज इथून किती लांब आहे?"

मी कपबशी तशीच खाली ठेवली.

"कशाला गो?" मी म्हणालो. "काय नाय तिथं."

"नाही कसं? सगळे जातात. आम्ही इतकं जवळ राहून कधी गेलो नाही."

"सगळे पावसात जातात. जानेवारीत काय? पानी नाय, धुकं नाय. माकडं हायत, ती हातातला फोन पळवतात." मी खुर्ची पुढं ओढली. "पोरी, अकरा वर्षं मी कल्यान-नगर गाडीवर होतो. जाताना घाट, येताना घाट. माज्यापेक्षा जास्त वेळा तो घाट कोन चढलाय? मी सांगतो, एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला खड्डा. बास. त्यापरीस भेंडी बगा आमची. आमच्या तालुक्यातली परदेशात जाते."

"मग लोकं कशापायी येतात?" किशोरभाऊनं विचारलं.

"कामधंदा नाय म्हनून."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं मी आमच्या तालुक्याचं नाक कापून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पण मला घाटाची अब्रू प्यारी नव्हती. मला पोराचं लग्न पाहिजे होतं. हे तिघं एकदा टोकावड्याच्या फाट्यापलीकडे गेले की परत येणार नाहीत, हे मला गाडीच्या वेळापत्रकासारखं पाठ होतं.

संगीताबाईनं घड्याळ बघितलं. "चारला घराकडं निघाला पायजे. जायाचा तास, यायचा तास, तिथं अर्दा तास. यवड्यासाठी जायाचं का? भाऊ म्हनतात काय नाय."

मला तिचे पाय धरावेसे वाटले.

"आई, परत आपण इकडं कधी येणार?" कुणाली म्हणाली.

हे वाक्य ऐकून आत भांडं पडल्याचा आवाज झाला. परत कधी येणार म्हणजे यायचंच नाही, असंच आम्ही दोघांनी ऐकलं. मी सुयोगकडे बघितलं. म्हटलं, आतातरी काही बोल, जेवण तयार आहे म्हण, गाडीत डिझेल नाही म्हण.

"बाबा काहीपन सांगतात," सुयोग म्हणाला. "माळशेज चांगला हाय. जाऊ या. मी पिकअप घेऊन पुडं चालतो, तुमी माज्या मागं या."

घरचा भेदी तो असा. मी चप्पल पायात घातली आणि म्हणालो की मीही येतो, वाट दाखवायला. सरळ हायवेला कसली आलीय वाट, पण कुणी तसं म्हटलं नाही. निघताना हिराबाईनं मला पडवीत गाठलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"अवो, त्यांना घेऊनच या," ती म्हणाली. "नायतर तुमीपन येऊ नका."

टोकावडं गेलं, वैशाखरं गेलं. मी पिकअपमध्ये सुयोगच्या शेजारी फुरंगटून बसलो होतो. त्याला म्हटलं, तुला लग्न करायचंय की नाही? तो म्हणाला, करायचंय. मग हे काय चालवलंयस? तर म्हणतो, "बाबा, तिला बगायचं होतं. नाय म्हनून ठेवली तर काय पोरगी घरात राहते का?" मी खिडकीची काच खालीवर करत बसलो.

घाट लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून हॉर्न वाजला. ईको कडेला थांबली होती आणि कुणाली दार उघडून रस्त्याच्या कडेला वाकली होती. मी उतरून धावलो. हे माझं क्षेत्र. अकरा वर्षांत या घाटात मी इतक्या माणसांना सावरलंय की मोजता येणार नाही. पाण्याची बाटली दिली, मानेवर ओला रुमाल ठेवायला सांगितला.

"मागच्या सीटवर बसलीस ना? मग होनारच," मी म्हणालो. "पुडं बसायचं, समोर बगायचं, लांबचं. जवळचा डोंगर बगायचा नाय."

पण ईकोच्या पुढच्या सीटवर संगीताबाई होती, आणि तिलाही तेच दुखणं. ती उठायला तयार नव्हती. राहिली पिकअप. तिथं ड्रायव्हरशेजारी एकच माणूस ऐसपैस बसतं. संगीताबाईच्या भुवया वर गेल्या. अजून काही ठरलेलं नाही, आणि पोरगी एकटी पोराशेजारी?

"मी हाय ना मागं उभा," मी म्हणालो.

मालाच्या गाडीत माणूस उभा करायचा नाही हा नियम मला तोंडपाठ आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला. त्या दिवशी साठी ओलांडलेला मी, भेंडीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये पाय रोवून, केबिनमागचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. गाडी हळू निघाली.

आणि मग मी माळशेज घाट बघितला.

आता सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. कंडक्टर गाडीत कसा उभा असतो? तोंड मागं. पुढं ड्रायव्हर, माझ्यासमोर पन्नास माणसं. घाट लागला की कुणाला पिशवी पाहिजे, कुणाला लिंबू, एखादं पोर रडायला लागतं, एखादा म्हातारा उभा राहून धडपडतो. नगरकडे जाताना मी माणसं बघितली, कल्याणकडे येतानाही माणसंच बघितली. खिडकीबाहेर काहीतरी आहे हे मला त्यांच्या तोंडावरून कळायचं. ती "बापरे" म्हणायची आणि मी म्हणायचो, "बसून घ्या, बसून घ्या." अकरा वर्षं मी घाटाकडे पाठ करून घाट चढलो.

जानेवारीची हवा स्वच्छ होती. कडे सरळ वर गेले होते, इतके वर की मान मोडावी, आणि त्यांच्यावर वाळून गेलेल्या धबधब्यांच्या काळ्या रेघा होत्या. पिवळ्या गवतावर ऊन पडलं होतं. घारी माझ्या पायांच्याही खाली फिरत होत्या. ज्याला मी खड्डा म्हणालो होतो त्यात आमचा अख्खा तालुका पसरला होता. भाताची रिकामी खाचरं, मध्येच भेंडीचा हिरवा तुकडा, कौलं, एखाद्या तळ्याची चकाकी. मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण मागं नुसते क्रेट. मी त्यांनाच म्हणालो, "बापरे."

मग मी काचेतून आत बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. दोन डोकी दिसत होती. आधी पोरगी बोलत होती आणि आमचा बैल मान हलवत होता. मग तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. घरात दिवसाला वीस शब्द बोलणारा माझा पोरगा एका हातानं स्टेअरिंग धरून बोलतच होता. वाऱ्यानं मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पुन्हा पाण्याचं काही सांगतोय की काय म्हणून मी काचेला कान लावायला वाकलो. तेवढ्यात पोरीनं वळून काचेतून माझ्याकडे बघितलं. मी झटकन डोंगराकडे तोंड केलं.

बोगद्याच्या पुढं गाड्या उभ्या करून आम्ही कठड्याशी गेलो. किशोरभाऊनं बायकोचे फोटो काढले, मग डोंगराचे, मग एका माकडाचे. संगीताबाई कठड्याला हात टेकून खाली बघत होती.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "तुमी तर म्हनलात काय नाय. ह्ये यवडं हाय की वो."

मला खोटं सुचलं नाही. "वहिनी, मी कदी बगितलाच नव्हता," मी म्हणालो. "आज पयल्यांदा बगितला." आणि कंडक्टर कसा उभा असतो ते सांगितलं.

किशोरभाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. संगीताबाईपण हसली, पदर तोंडाला लावून. मीही हसलो. दोन मिनिटं मला बाकी सगळ्याचा विसर पडला होता. मग तिनं घड्याळ बघितलं.

"दीड झाला," ती म्हणाली. "आता परत तुमच्याकडं जायाचं, जेवाला बसायचं म्हंजे..." आणि वाक्य तिथंच सोडून ती गाडीकडे निघाली.

येताना ईको पुढं आणि आम्ही मागं. कुणाली पुन्हा पिकअपमध्येच बसली, उतारावर तर मळमळ जास्त. मी पुन्हा क्रेटांत. घाट उतरलो तसा किशोरभाऊनं वेग घेतला. मला आता डोंगर दिसत नव्हते, फक्त ती पांढरी गाडी दिसत होती. टोकावड्याच्या फाट्याला डावीकडे वळलं की आमचं गाव. सरळ गेलं की मुरबाड, आणि पुढं त्यांचं घर.

फाटा जवळ आला. मी दांडा घट्ट धरला. ईकोचा डावा लाईट लागेल म्हणून मी डोळे फाडून बघत होतो.

लाईट लागला नाही. गाडी सरळ गेली. वेगही कमी झाला नाही. वळणामागं दिसेनाशी झाली.

सुयोगनं पिकअप फाट्यावर कडेला घेतली. मी क्रेटवर बसलो. माणूस कितीही तयारीत असला तरी लागायचं ते लागतंच. मला हिराबाईचा तो मळलेला गोळा आठवला आणि खरंच वाईट वाटलं, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मग दांड्याला धरून खाली उतरलो. कुणाली दार उघडून उभी होती, फोन कानाला लावून.

"उचलत नाहीत," ती म्हणाली. "पप्पा गाडी चालवताना उचलत नाहीत, आणि आईचा फोन माझ्या पर्समध्ये आहे."

"असू दे," मी म्हणालो. "सुयोग तुला मुरबाडला सोडेल. गाठशील त्यांना. तिथं थांबतील ते."

"मुरबाडला कशाला?" तिनं माझ्याकडे बघितलं. "घरी जेवण नाही का केलंय?"

"केलंय ना."

"मग? मला भूक लागलीय, काका. सकाळचं सगळं घाटात गेलं." तिनं फोन पर्समध्ये टाकला. "आणि सुयोगनी सांगितलं मला, आधीचे तिघं इथूनच सरळ गेले ते. पिठाचंपण सांगितलं. चला. त्यांचं ते बघतील."

आणि ती दार ओढून आत बसली.

मी मागं चढलो तो कसा चढलो मला आठवत नाही. सुयोगनं गाडी डावीकडे घेतली.

हिराबाई अंगणात उभी होती. तिनं पिकअप बघितली, तिच्यामागं कुठलीच गाडी नाही हे बघितलं, आणि तिचं तोंड पडलं. मग कुणाली उतरली. हिराबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली, जणू मी पोर पळवून आणली होती.

"त्यांचा फाटा चुकला," मी म्हणालो. "पोर भुकेली हाय."

कुणालीनं मोरीवर जाऊन हातपाय धुतले आणि ओटीवर न थांबता सरळ चुलीपाशी जाऊन बसली. पाट घेतला नाही, पानाची वाट बघितली नाही. अजून काही ठरलेलं नसताना मुलगी एकटी मुलाच्या घरात जेवायला बसल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. हिराबाईनं खुंटीवरचा तवा काढला.

पहिली भाकरी फुगली ती कुणालीच्या ताटात पडली. दुसरीही. कोंबड्याच्या रश्श्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं आणखी मागितला. मधेच म्हणाली, "मावशी, मला अशी पातळ थापता येत नाही." हिराबाई म्हणाली, "मलाबी येत नव्हती." सुयोग दाराला टेकून उभा होता आणि त्याला बसायचं सुचत नव्हतं.

तिसरी भाकरी तव्यावर असताना ईको अंगणात शिरली. किशोरभाऊ उतरताच बोलायला लागला, "मुरबाड दिसलं तवा कळलं. फाटा ध्यानातच आला नाय वो, सकाळी आमी दुसरीकडनं आलो ना!" खरं असेल. फाटा त्याचाच चुकला की शेजारच्या सीटवरून कुणी काही बोललंच नाही, हे मला अजून ठाऊक नाही आणि आता मी विचारणारही नाही.

संगीताबाई सरळ आत गेली. मी मागोमाग. ती चुलीच्या खोलीच्या दारात थांबली. समोर तिची पोर मांडी घालून बसलेली, बोटांना रस्सा लागलेला, आणि ताटात अर्धी भाकरी.

"जेवलीस?" संगीताबाईनं विचारलं.

"जेवतेय," कुणाली म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांत बघत पुढचा घास घेतला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी हिराबाईचा हात हलेना. संगीताबाईनं पोरीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे, मग दारातल्या सुयोगकडे.

"विहिरीला अजून किती दिस लागतील?" तिनं त्याला विचारलं.

"पावसाच्या आदी बांदून होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. मग पदर खोचून भिंतीशी पोरीशेजारी बसली आणि हिराबाईला म्हणाली, "भाकरी करपते वो वहिनी. ती मला वाडा, मला खरपूसच लागते."

मी तसाच परसात गेलो आणि गाईच्या गोठ्याआड उभा राहून रडलो. आनंदानं रडलो, त्यात लपवायचं काय? किशोरभाऊ हात धुवायला तिकडं आला, त्यानं मला बघितलं आणि न बघितल्यासारखं करून गाईच्या पाठीवर थाप मारली.

"अवो!" आतून हिराबाईनं हाक मारली. "कुठं गेलात तुमी? पाव्हनं बसलंत, पानी कोन देईल?"